पाडेल्याची चूक नव्हती

आमचं घर हरमलला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. छपरावरची सोलर हीटरची टाकी गेल्या मे महिन्यात गळायला लागली. स्टेनलेस स्टीलची, जेमतेम चार वर्षांची. आदल्याच आठवड्यात पाडेली नारळ पाडून गेला होता. पप्पांनी लगेच निकाल दिला, "त्यानेच नारळ टाकीवर पाडला." बिचारा शपथा घेत होता, तरी त्याची मजुरी कापली. मी तिथेच उभी होते. गप्प राहिले.

पुढच्या रविवारी डिचोलीहून तितीव आले. मम्मीचे हे भाऊ वेल्डिंगचं काम करतात. बाहेरच्या पत्र्याला साधा पोचाही नव्हता. तो पत्रा आणि फोम काढल्यावर आतल्या टाकीच्या सांध्याजवळ केसासारख्या भेगा दिसल्या, झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या. "हा मार नव्हे गो," ते म्हणाले, "हे स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग."

स्टेनलेस म्हणजे गंजणार नाही, असं आपण धरून चालतो. 304 नंबरच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. क्रोमियममुळे वर ऑक्साइडचा अगदी पातळ थर बसतो, तोच धातूला राखतो. पण पाण्यातलं क्लोराइड, साधारण 60 अंशांच्या वरची उष्णता आणि वेल्डिंग करताना, पत्रा वाकवताना आत राहून गेलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की क्लोराइड तो थर फोडतं आणि ताण भेगेला आत आत ढकलतो. वरून टाकी चकचकीतच! आमच्या विहिरीचं पाणी मेमध्ये मचूळ होतं, उन्हात ते टाकीत चांगलंच तापतं. तितीवच्या घरीही अशीच टाकी आहे, पण विहीर गोड्या पाण्याची. ती अजून धड आहे.

नंतर मी याबद्दल वाचलं. 1985 साली स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे पोहण्याच्या तलावावरचं काँक्रीटचं छत कोसळून 12 माणसं मेली. छत ज्या स्टेनलेसच्या सळ्यांना टांगलं होतं, त्या अशाच तडकल्या होत्या. तिथे तर एवढी उष्णताही नव्हती. तलावाच्या हवेतली क्लोरीनची संयुगं पुरेशी झाली.

"तिन्हींतलं एक काढून टाक, भेग थांबते," तितीव म्हणाले. नवी टाकी आम्ही नळाच्या पाण्यावर जोडली.

त्या संध्याकाळी पप्पा आणि मी पाडेल्याच्या घरी गेलो. पप्पांनी कापलेले पैसे दिले, "चूक माझी" असंही म्हणाले. त्याने पैसे मोजून घेतले, आम्हाला चहा दिला. पण पुढच्या खेपेला तो आला नाही, पुतण्याला पाठवलं.

मी साहित्य शिकते. दोन भाषांत लिहिते. त्या दिवशी "पप्पा, आधी टाकी उघडून बघूया" एवढं एक वाक्य कुठल्याच भाषेत माझ्या तोंडून निघालं नव्हतं.