खर्जातली दोइना

रोमेनियाच्या लोकसंगीतातली दोइना वाजवायला घेतली की क्लॅरिनेटवाला आधी तिच्या हरकतींच्या मागे लागतो. माझ्या मते तिचा जीव लांब धरलेल्या सुरात आहे. तालाचं चक्र नसल्यामुळे ओळ किती लांबवायची हे श्वास ठरवतो. मागे त्सांबाल, संतुराच्या कुळातलं वाद्य, एकाच स्वरसंगतीवर थरथरत वादकाची वाट पाहतं. १९१३ साली संगीतकार बेला बार्तोक फोनोग्राफ घेऊन मारामुरेशच्या खेड्यांत फिरला, तेव्हा तिथे हेच गाणं त्याला ‘होरा लुंगा’ या नावाने भेटलं. पुढे त्याने त्याचं नातं अरबी आणि इराणी गाण्याशी जोडलं.

अनेक दोइनांत गंधार कोमल, मध्यम तीव्र. मधुवंती गाणाऱ्याला हे अंतर ओळखीचं वाटेल. पण इथे निषाद बहुधा कोमल येतो आणि रंग पार बदलतो. गंधारावरून मध्यमावर जाताना मी खालचा ओठ सैल ठेवतो. सूर किंचित उतरलेलाच लागतो, मग पकड हळूहळू आवळत त्याला जागेवर आणतो. त्या चढणीत सगळी आर्तता असते.

पण खालच्या सुरांत बसवलेलं वर तसंच चालत नाही. बासरीत फुंक वाढवली की तीच बोटं वरच्या सप्तकात तोच स्वर देतात. क्लॅरिनेटवर डाव्या अंगठ्याची कळ दाबली की षड्जाच्या बोटांतून थेट वरच्या सप्तकातला पंचम निघतो. म्हणजे खाली बसवलेली प्रत्येक हरकत वर नव्याने बसवायची! बनात प्रांतात लाडक्या असलेल्या तारागोतला ही अडचण नाही. बुडापेस्टच्या शुंडाने १८९०च्या दशकात घडवलेल्या या लाकडी वाद्याची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, त्यामुळे ते सप्तकानेच चढतं. दुमित्रू फर्काश (१९३८–२०१८) यांची तारागोतवरची दोइना उंचावर इतकी मोकळी वाटते, त्यात त्यांच्या फुंकीबरोबर या नळीचाही वाटा आहे.

क्लॅरिनेटने तिथे त्याच्याशी बरोबरी करायला जाऊच नये. त्याचं धन खर्जात आहे. तिथला सूर काळोखा, भरीव, आणि अगदी हलक्या फुंकीतही तुटत नाही. शिकवताना मी त्सांबालच्या जागी तानपुरा लावतो आणि हरकती बंद ठेवायला सांगतो. आधी खालच्या गंधारावर अख्खा श्वास जाऊ दे. शेवटाला सूर डळमळला की मुलं रीड बदलायला धावतात. मी त्यांना पोटाचा आधार तपासायला लावतो.