थैली न उघडता

वडील निवर्तले आणि वर्षाच्या आतच आमच्या घरात वाटण्यांची बोलणी सुरू झाली. अंबाजोगाईच्या त्या वाड्यात तोवर एकच चूल होती. आईने आपले स्त्रीधन दोघी सुनांकरिता दोन सारख्या थैल्यांत घातले आणि थैल्यांची तोंडे शिवून टाकली. पाटल्या कोणत्या थैलीत आणि गोठ कोणत्या, हे दुसरीस कळू नये अशी तिची इच्छा. कारण कळले की तुलना आली, आणि तुलना आली की जन्माचे वैर आले. परंतु मी धाकटा आणि आईचा लाडका. आमच्या थैलीत सोने अधिक गेले असावे, असा संशय दादांच्या मनात शिरला, आणि थैल्या सर्वांसमक्ष उघडाव्या असे ते म्हणू लागले. आईने सोनारास निरोप धाडला, "तराजू घेऊन ये. वजने आणू नकोस."

सोनाराने दोन पारड्यांत दोन थैल्या ठेवल्या. काटा मधोमध उभा राहिला. सोने किती, हे कोणास कळले नाही. ते सारखे आहे एवढेच सर्वांस कळले. निघताना सोनार मात्र हळूच म्हणाला, "काकू, काटा वजन सांगतो, कस सांगत नाही."

हा प्रसंग पुन्हा आठवण्याचे कारण असे. गेल्या गुरुपौर्णिमेस माझा एक जुना विद्यार्थी नमस्कारास आला होता. विजेच्या कारखान्यांतील बॉयलरच्या नळ्यांचे जोड तपासणे हा त्याचा व्यवसाय. आमच्या जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथेही त्याने काम केलेले आहे. नळीच्या एका बाजूस इरिडियम-१९२ या किरणोत्सारी धातूचा चिमुकला तुकडा आणि दुसऱ्या बाजूस फिल्म ठेवतात. गॅमा किरण पोलादातून आरपार जातात, आणि जोडात चीर वा पोकळी असेल तेथे फिल्म अधिक काळी उमटते. नळी कापावी लागत नाही. मी म्हटले, "म्हणजे थैली न उघडता सोने पाहण्यासारखेच की!" तो म्हणाला, "गुरुजी, याच विद्येने अण्वस्त्रेही तपासतात. पण तिथली अडचण उलटी आहे. आम्हांला जितके दिसेल तितके थोडेच. तिथे फार दिसले तर मालक दारच लावून घेतो."

त्याच्या या बोलण्याने मला वाचनाची गोडी लागली. परक्या तपासनीसास घरात घेणे आपल्या महाराष्ट्रासही नवे नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. तेथील इंधन शस्त्राकडे वळत नाही ना, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तपासनीस येऊन पाहतात. वापरलेले इंधन पाण्याच्या कुंडात ठेवले की त्याच्या किरणोत्सारामुळे पाण्यात निळसर आभा दिसते. ती आभा पाहूनही इंधन जागेवर आहे की नाही, याची खात्री करण्याची रीत या संस्थेत आहे.

परंतु तारापुरास प्रश्न इंधनाचा. खुद्द अस्त्र तपासावयाचे तर गोष्ट अवघड होते. १९८७ साली अमेरिका आणि सोव्हिएट संघ यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार केला. त्यात बंदी असलेल्या एका क्षेपणास्त्रावर तीन अस्त्रे असत, आणि त्याच्याशी साम्य असलेल्या, परंतु मुभा असलेल्या दुसऱ्यावर एक. नळकांडे न उघडता, बाहेर येणारे न्यूट्रॉन मोजून हा भेद ओळखीत. तो करार २०१९ साली संपुष्टात आला. १९८९ च्या जुलैत काळ्या समुद्रात 'स्लावा' या सोव्हिएट युद्धनौकेवर अमेरिकी शास्त्रज्ञांनी एका क्षेपणास्त्राच्या नळकांड्यावर गॅमा किरणांचे मापक ठेवले. आत युरेनियम व प्लुटोनियम असल्याच्या खुणा स्पष्ट उमटल्या. अडचण हीच, की त्याच खुणांवरून जाणता मनुष्य अस्त्राच्या घडणीचेही अनुमान करू शकतो. मग आकडे पेटीत झाकून फक्त हिरवा वा तांबडा दिवा दाखविणारी यंत्रे निघाली. पण ती पेटी कोणी बनविली, हा संशय उरतोच.

२०१४ साली अमेरिकेतील ग्लेझर, बराक व गोल्डस्टन या तिघा विद्वानांनी जो उपाय सुचविला, तो वाचताना मला आईचा तराजू दिसू लागला. तळावरील क्षेपणास्त्रावरून तपासनीसाने मनास येईल ते अस्त्र उचलावयाचे. ते खरे, हा नमुना. दुसरे अस्त्र त्याच्याशी ताडून पाहावयाचे. अस्त्रातून न्यूट्रॉन सोडले असता पलीकडील मापकांत जी संख्या पडेल, तिची पूरक संख्या मालकाने आधीच गुप्तपणे मापकांत भरून ठेवावयाची. कोणते भरलेले मापक कोणत्या अस्त्रामागे लावावयाचे हे मात्र तपासनीस ठरवितो, म्हणून मालकास लबाडीची संधी राहत नाही. दोन्ही अस्त्रे सारखी असतील तर सर्व मापकांत बेरीज सारखीच येते. तीवरून आतले काहीच कळत नाही. कोठे काही काढले वा बदलले असेल, तर तेवढीच जागा उघडी पडते. २०१६ साली धातूच्या साध्या ठोकळ्यांवर हा प्रयोग करून दाखविण्यात आला. सोनाराचा इशाराही येथे लागू आहेच. एकाच बाजूने पाहून भागत नाही. न्यूट्रॉन निरनिराळ्या दिशांनी सोडावे लागतात.

जेथे विश्वास आहे तेथे तपासणी कशाला, असे पुष्कळजण म्हणतात. मीही म्हणत असे. त्या दिवशी आईने तराजू मागविला तेव्हा मला अपमान वाटला होता. आज वाटते, ती आम्हां दोघांपेक्षा शहाणी होती. थैल्या उघडल्या असत्या तर दोघी जावांत कायमचे वितुष्ट आले असते. काटा लावला नसता तर दादा संशय घेऊनच वेगळे राहिले असते. तिने गुपितही राखले आणि खात्रीही दिली.

काटा मधोमध उभा राहिला म्हणून दादांचे प्रेम परत आले, असे मी म्हणणार नाही. कस पाहावयाचा राहिलाच होता, आणि त्यांनी तो कधी काढला नाही. पण बोलून दाखविण्याजोगे कारण त्यांच्यापाशी उरले नव्हते. दोन वर्षे ते आमच्याकडे आले नाहीत. तिसऱ्या दिवाळीस आपण होऊन पाटावर येऊन बसले, आणि आईने काही न बोलता त्यांच्या पानात पहिली करंजी वाढली.