तळघर आधी कोरडं, मग देखणं

मैत्रिणींनो, सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ पाहिलंय का तुम्ही? सारा जन्म पुण्यात जातो, तरी कितीजणींचं ते राहूनच गेलेलं असतं. नागझरीच्या काठचं हे काळ्या दगडाचं देऊळ १७५४ साली बांधायला घेतलं आणि १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. गणपतीला सोंडा तीन आणि वाहन चक्क मोर! दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंडांनी बांधणारे गोरे शिपाई कोरलेत. मुलांना तेवढं जरूर दाखवा.

पण खरी गंमत खाली आहे. देवळाला तळघर असून त्यात गोसावी गुरूंची समाधी आहे. एरवी तिथे पाणी साठलेलं असतं. गुरुपौर्णिमेला ते उपसून काढतात आणि भाविकांना दर्शन घडतं.

आमच्या वन्सं टोरांटोला असतात. गेल्या वर्षी गुरुपौर्णिमेला त्या इथेच होत्या. त्या ओल्या पायऱ्या उतरताना त्यांच्या पर्समध्ये घराच्या तळघराचा खर्चाचा कागद होता. सासूबाई सहा महिने तिकडे राहणार, त्यांची खोली तळघरात करायची, असं ठरत होतं. सासूबाईंचे गुडघे तुम्हाला ठाऊक नाहीत, मला आहेत! त्यामुळे तो कागद मी जरा बारकाईनेच वाचला. गालिचा, खोटं छत, टीव्हीची भिंत, दिवे... आणि अगदी तळाशी ‘इतर’. ओलीचं नाव नाही.

तिकडे घरोघरी तळघर का, हेही कळलं. हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. टोरांटोत तो सुमारे चार फूट. एवढं खणायचंच, तर आणखी थोडं खणून खोली का काढू नये? आपल्या वाड्यांतल्या तळघरांत धान्य नाहीतर किमती वस्तू ठेवत. झोपायला कोण जातंय?

आता ओल दोन तऱ्हांची, बरं का. एक जमिनीतून, भिंतीतून येणारी. ती आपल्याला पावसाळ्यातल्या पोपड्यांमुळे चांगलीच ओळखीची. दुसरी हवेतली. मे महिन्यात गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसाच घरातल्या उबदार हवेने तिथल्या गार काँक्रीटला येतो. कोणती आहे ते ओळखायला फरशीवर दोन फुटी प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. खालून ओला झाला तर पाणी जमिनीतलं, वरून ओला झाला तर हवेतलं. खर्च जवळजवळ शून्य!

कागदाची उतरंड आम्ही चहाबरोबर पुन्हा लावली. पहिलं पाणी : पन्हळी, घरापासून बाहेर जाणारा जमिनीचा उतार, भेगा, लागलाच तर उपसा पंप. मग ऊब : भिंतीला फोमचे तक्ते घट्ट चिकटवून, त्यावर लाकडी सांगाडा. लाकूड थेट काँक्रीटला टेकवू नये, कुजतं. मग खिडकी. झोपायच्या खोलीला आगीच्या वेळी माणूस बाहेर पडेल एवढी हवीच. इथे काटकसर करूच नका. आणि रात्री-अपरात्री जिना चढायला लागू नये म्हणून खालीच न्हाणीघर. नवे नळ घ्यायचे तर नगरपालिकेची परवानगी, तिचे पैसे आणि तिला लागणारे दिवसही धरायचे.

शंभरातले पंधरा-वीस रुपये (डॉलर म्हणा हवं तर) हात न लावता बाजूला ठेवायचे. भिंत उघडल्यावर आत काय निघेल, ते कंत्राटदारालाही आधी दिसत नाही. गालिचा, टीव्हीची भिंत पुढच्या वर्षी.

“गालिचाशिवाय खोली उदास दिसेल हो,” वन्सं म्हणाल्या. ओला गालिचा किती दिवसांत वास मारतो, ते सासूबाईंनी त्यांना सविस्तर सांगितलं.

परत गेल्यावर वन्संनी प्लास्टिकचा चौकोन लावला, तो वरून ओला झाला. पण खरी परीक्षा वसंतात, बर्फ वितळून जमीन पाणी पिते तेव्हा. तोवर भिंती बंद करायच्या नाहीत, असं ठरलं आणि सासूबाईंचं तिकीट जूनवर ढकललं.