निवलेले अंग

अंग तापले की आपण घाबरतो. अंग निवण्याची भीती मला आमच्या गल्लीतल्या चंपीमुळे कळली. कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. नसबंदीच्या भुलीआधी गुंगीचे औषध देतात. डॉक्टरांनी समजावले: असेप्रोमाझीनने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात, आतली ऊब बाहेर निसटते, झायलाझीनने त्या आवळतात, ऊब जरा अधिक टिकते. भुलीत मात्र कुडकुडणेही थांबते. अंग निवतच जाते, आणि निवलेल्या अंगातून भूल उशिरा उतरते. नाशिकचा पौष, त्यात गार फरशी! आईने आपली गोधडी आधी चंपीच्या खाली घातली, मग वरून पांघरली. आणि आम्ही दोघे तिचा कान हलण्याची वाट पाहत बसलो.