जंगल बघायला धारावी

डोंगराच्या पायथ्याशी राहणारी आम्ही माणसं जंगल बघायला धारावीला निघालो, याचं हसू लोकलमध्ये बसल्या बसल्याच आलं. चिखलोलीहून रिक्षाने अंबरनाथ, तिथून गाडीने सायन. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे चिखलोलीचं स्वतःचं स्थानक होऊ घातलंय. ते होईल तेव्हा होईल. मलंगगडाचे डोंगर मागे राहिले, आणि ज्या दिशेला जंगल असायचं काही कारण नाही त्या दिशेला गाडी निघाली.

माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान धारावीला खेटून, मिठी नदीच्या काठी आहे. जेमतेम ३७ एकर. १९७७ पर्यंत इथे मुंबईचा कचरा पडत होता. पुढे त्या कचऱ्यावर माती पडली, मातीत रोपं लागली, आणि २२ एप्रिल १९९४ ला उद्यान लोकांसाठी उघडलं. आत शिरताच रस्त्याचा आवाज कमी झाला. गेला मात्र नाही. तो जाऊही नये. त्याच्यामुळेच तर आपण कुठे उभे आहोत ते कळत राहतं. मिठीचा वास आला तेव्हाही आमच्यातल्या कुणी नाक मुरडलं नाही. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून वाहणारी वालधुनी उल्हासनगरात कोणत्या रूपात पोचते, हे पाहिलेली माणसं अशा बाबतीत सोशिक असतात.

आम्हाला फिरवणारी ताई कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली असावी. तिची पहिली अट एकच होती, माझ्या पुढे जायचं नाही. अंबरनाथ स्थानकाचा जिना धावत चढण्यात जन्म गेलेल्यांना ही मोठीच शिक्षा. चालायला आलो होतो, पण अर्धा वेळ उभेच होतो. एका झाडाखाली तिने सगळ्यांना वर बघायला लावलं. हिरवी पानं एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता, ओंबील मुंग्यांचं घर. मुंग्यांना स्वतःला रेशीम काढता येत नाही. त्या आपल्या अळीला तोंडात धरून विणकराच्या धोट्यासारखं या पानावरून त्या पानावर फिरवतात. धागा अळीचा, कष्ट मुंगीचे. एक काका हळूच म्हणाले, "आमच्या मागच्या आंब्यावर आहेत. मी काठीने पाडतो दर वर्षी." कुणीच काही बोललं नाही.

पुढे लिंबाच्या पानावर तिने बोट दाखवलं. आम्हाला पक्ष्याची विष्ठा दिसली. ती अळी होती. खाणाऱ्याने किळस करून सोडून द्यावं, म्हणून लहानपणी तिचं हे सोंग. लिंबू-बेलाच्या कुळातल्या झाडांवर अशाच वाढणाऱ्या एका फुलपाखराला, निळ्या-काळ्या राणी पाकोळीला, २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिला. राजचिन्हाचं बालपण असं जातं, हे मला फार आवडलं.

परतीच्या गाडीत साहजिकच चिखलोली निघाली. आपल्या धरणाच्या काठाने असं कुणी कुणाला फिरवत का नाही? अंबरनाथच्या काही भागाला त्याचं पाणी जातं, टिटवी आहे, खंड्या आहे, उन्हाळ्याच्या तोंडावर पळस पेटतो. माहीमला कचऱ्यावर माती टाकून झाडं वाढवावी लागली. इकडे झाडं आपसूक उभी आहेत, आणि इमारती त्यांच्याकडे सरकताहेत. तिथल्या गवतातलं काय काय आम्ही नावाने ओळखतो, असं विचारताच सगळे मोबाइलमध्ये शिरले.

अंबरनाथला उतरलो. पहिला पाऊस नुकताच झालेला, त्यामुळे स्टेशनबाहेर ठाकूर बायका शेवळं घेऊन बसल्या होत्या. शेवळाचं पान मागाहून फुटतं, आधी जमिनीतून फुलाचा कोंबच वर येतो. तो कोंब खायचा. सोबत काकडाची आंबट फळं घातली नाहीत तर घसा खाजून जीव नको होतो. मी बसलो आणि विचारलं, "मावशी, ही कुठे मिळतात? आम्हाला एकदा नेऊन दाखवाल का? फिरायला, दहा-पंधरा जण."

तिने आमच्या पायांतल्या बुटांकडे नीट पाहिलं.

"जागा दाखवली का पुढच्या वर्षी तुम्हीच इथं बसाल," ती म्हणाली, आणि जुडीवर मूठभर काकडं टाकून पैशांसाठी हात पुढे केला.