गळ्यातून न गेलेला स्वेटर



थंडीची चाहूल लागली की आमच्या सांगलीच्या घरात सुया आणि लोकरीचे गुंडे कपाटातून बाहेर येतात. सूर्यास्ताआधी जेवणं आटोपतात, भांडी आवरली की संध्याकाळ मोकळी असते. मी पंचवीस वर्षं विणतेय. सुलट-उलट तर डोळे मिटूनही येतं. पण विणता येणं आणि विणलेलं अंगात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला सासूबाईंच्या स्वेटरनं शिकवलं.

आमच्या आई पहाटे अभिषेकाला मंदिरात जातात. डिसेंबरात तेव्हा चांगलाच गारठा असतो. मेंढीची लोकर त्यांना चालत नाही, म्हणून मी अ‍ॅक्रिलिकचा धागा आणला. बाजारात त्यालाही आपण लोकरच म्हणतो. दीड महिना खपून बदामी रंगाचा, बंद गळ्याचा स्वेटर केला. आईंनी तो हातात घेतला, कुरवाळला आणि "छान झालाय गं" म्हणाल्या. तो हिवाळा संपला, पण स्वेटर काही त्यांच्या अंगावर दिसला नाही. जुनी शालच गुंडाळून जायच्या.

पुढच्या दिवाळीत कपाट आवरताना तो सापडला, घडीही न मोडलेला. मला फार लागलं. जरा रागानंच विचारलं, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "अगं, डोक्यातून जाताना कान ओढले जातात. आणि उजवा हात वर जात नाही माझा. तू एवढ्या हौसेनं केलास, कसं सांगू?"

दुखऱ्या खांद्यानं त्यांनी तो एकदा घालून पाहिला होता आणि कुणाला न सांगता परत काढला होता. त्या रात्री मला झोप आली नाही. ज्यांच्यासाठी विणलं, त्यांचा हात कुठवर उचलतो हेच मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन बसले. आईंची छाती 92 सेंटिमीटर. वावरायला सैल हवा म्हणून मी 100 सेंटिमीटर घेर धरला होता. पुस्तकात 10 सेंटिमीटरला 22 टाके दिले होते, त्या हिशेबानं पुढचा-मागचा भाग मिळून 220 टाके घातले. पण माझा हात घट्ट. माझ्या विणीत 10 सेंटिमीटरला 24 टाके बसले होते. फरक दोनच टाक्यांचा, पण 220 टाक्यांचा घेर 92 सेंटिमीटरही भरला नाही! आठ सेंटिमीटर तिथंच गेले.

तेव्हापासून मी आधी छोटा नमुना विणते. साधारण 15 सेंटिमीटरचा चौकोन, त्याच धाग्याचा, त्याच सुयांचा. तो धुऊन, वाळवून मग मधल्या 10 सेंटिमीटरमधले टाके मोजायचे. कडेचे टाके मोजू नका, ते ओढलेले असतात. टाके जास्त आले तर जाड सुई घ्या, कमी आले तर बारीक. पूर्वी मला वाटायचं, यात एक संध्याकाळ फुकट जाते. दीड महिना फुकट गेल्यावर ती संध्याकाळ स्वस्त वाटायला लागली.

सुयांच्या नंबरांचंही लक्षात ठेवा. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते: 10 नंबरची सुई 3.25 मिलिमीटर, 8 नंबरची 4 मिलिमीटर. अमेरिकेत उलटं आहे, तिथली 8 नंबरची सुई 5 मिलिमीटर असते. म्हणून परदेशी नमुना घेतलात तर नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

गळ्याची चूक शेवटच्या ओळीत होती. टाके बंद करताना मी धागा करकचून ओढायची. वाटायचं, घट्ट म्हणजे पक्कं. प्रत्यक्षात पट्टी कितीही लवचीक विणली तरी बंद केलेली कड ताणली जात नसेल तर डोकं अडणारच. आता गळ्याचे टाके बंद करताना उजव्या हातात दोन नंबर जाड सुई घेते. सुरुवातीचे टाकेही दोन सुया एकत्र धरून घालते आणि मग एक सुई काढून घेते. कड आपोआप सैल राहते.

खरी लोकर असती तर ओली करून, ताणून, टाचण्या लावून वाळवल्यावर माप थोडं सावरता आलं असतं. अ‍ॅक्रिलिक तेवढं ऐकत नाही. आणि गरम इस्त्री लागली तर वीण कायमची लुळी पडते. म्हणजे आपल्यासारख्यांनी माप सुयांवरच साधायला हवं.

मग तो स्वेटर मी उसवला. आईंच्या समोरच. त्या हळहळल्या, पण धागा कुठे वाया गेला होता? त्याच्या लडी केल्या, चार ठिकाणी सैल बांधल्या, कोमट पाण्यात धुऊन टांगल्या. कुरळेपणा बऱ्यापैकी गेला. या वेळी 9 ऐवजी 8 नंबरच्या सुया घेतल्या, नमुना बरोबर 22 टाक्यांचा आला. आणि गळा बंद नाही, समोरून उघडा, मोठ्या बटणांचा. मुंढ्याला जास्त खोली दिली. मुंढ्याचे टाके कमी करण्याआधी वेगळ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवला. चुकलं तर तिथपर्यंतच उसवायचं, खालचं सुरक्षित. त्या आधाराच्या दोऱ्यानं दोनदा माझी लाज राखली.

आईंना आता बारीक दिसत नाही, म्हणून त्यांनी विणणं सोडलंय. पण रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसून विणीवरून बोट फिरवायच्या. एकदा बोट थांबलं. "इथं टाका पिळलाय बघ." पाहिलं तर खरंच, एक टाका मागच्या बाजूनं विणला गेला होता. चाळीस वर्षं विणलेल्या बोटांना दिसत होतं ते माझ्या चष्म्याला दिसलं नव्हतं. मागच्या वर्षी मी त्यांना एकदाही जवळ बसवलं नव्हतं. अचानक भेट द्यायची होती ना मला!

डिसेंबरात पहाटे त्यांनी स्वेटर घातला. आधी दुखरा उजवा हात घातला, मग डावा. बटणं त्यांची त्यांनी लावली. गळ्यात बोट घालून पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "आता बरोबर." मग अभिषेकाला निघाल्या. शाल खुंटीवरच राहिली.

मैत्रिणींनो, यंदा कुणासाठी विणायला घेणार असाल तर टाके घालण्याआधी त्या माणसाला जवळ बसवा. टेपनं छाती मोजा, आणि हात कुठवर वर जातो तेही विचारा.