पन्नाशीतली बाराखडी

पन्नाशी उलटलेल्या माणसाला शाळेच्या बाकावर बसवावे आणि बाईंनी त्याच्या वहीत लाल शाईने फुल्या माराव्यात, हा अनुभव ज्याने घेतला नसेल त्याने आपण नम्र असल्याचा दावा सहसा करू नये. २०१८ च्या जानेवारीत हा योग आमच्या वाट्यास आला. त्यापूर्वी आम्हीही स्वतःला बऱ्यापैकी नम्र समजत होतो.

पंचवीस वर्षे निरनिराळ्या धर्मग्रामांत सेवा केल्यावर बिशप महोदयांनी आम्हांस एक वर्षाची रजा मंजूर केली. फ्रान्समध्ये धर्मगुरूंची संख्या फार घटली आहे. आफ्रिका आणि आशिया खंडांतून गेलेले धर्मगुरू तेथील कितीतरी धर्मग्रामांत सेवा करतात. उन्हाळ्यात तिकडचे धर्मगुरू सुट्टीवर गेले की त्यांच्या जागी दोन महिन्यांसाठी परदेशी धर्मगुरूंना बोलावले जाते. तसे बोलावणे आम्हांस आले होते. अट एकच, भाषा आली पाहिजे. तेव्हा जानेवारी ते जून लियों शहरातील एका भाषाशाळेत शिकावयाचे आणि जुलै-ऑगस्ट खेड्यांत सेवा करावयाची, असे ठरले.

आमच्या वर्गात चौदा विद्यार्थी होते. पाव आणि केक बनविण्याची विद्या शिकण्यासाठी आलेली एक जपानी मुलगी, एक व्हिएतनामी धर्मभगिनी, एक पोलिश गवंडी, आणि सिरियातून जीव वाचवून आलेले एक औषधविक्रेते. ह्या औषधविक्रेत्यांच्या गावी स्वतःचे दुकान होते. आता फ्रेंचची परीक्षा पास झाल्याशिवाय त्यांना दुसऱ्याच्या दुकानातही उभे राहता येणार नव्हते. मधल्या सुट्टीत बाकीचे कॉफी पीत. ते एकटे क्रियापदांची रूपे पाठ करीत बसत. आमची भाषा कच्ची राहिली तर फार तर आमची फजिती होणार होती. त्यांच्या मागे बायको आणि तीन मुले होती.

उच्चारांच्या बाबतीत मात्र मराठी माणसावर परमेश्वराची कृपा आहे. फ्रेंच भाषा अर्धी नाकातून बोलली जाते. जुन्या मराठी पुस्तकांतून जे अनुस्वार आपण हद्दपार केले, ते सारे तिकडे जाऊन स्थायिक झाले असावेत! इतरांची नाके बंद पडत असता आम्ही पहिल्याच आठवड्यात बाईंची शाबासकी मिळविली. त्यांचा 'र' मात्र घशातून येतो. तो साधण्यासाठी आम्ही रोज सकाळी दात घासताना गुळण्यांसह सराव करीत असू. आकडे ऐकून वर्गातील सारे हवालदिल झाले. सत्तर म्हणावयाचे तर 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस' आणि नव्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-नऊ'. आम्हांस आमची आजी आठवली. अंडी मोजताना ती 'तीन विसा आणि दहा' असेच म्हणत असे. शाळेत गेल्यावर आम्ही तिच्या ह्या मोजणीला हसलो होतो.

पहिला निबंध लिहिला तेव्हा आम्ही सवयीप्रमाणे स्वतःचा उल्लेख 'आम्ही' असा केला. आमच्या पिढीच्या सेमिनरीत 'मी, मी' लिहिणे उद्धटपणाचे समजले जाई. बाईंनी समासात लाल शाईने प्रश्न विचारला : 'तुमच्याबरोबर आणखी कोण होते?' ह्या प्रश्नाचे धर्मशास्त्रीय उत्तर आम्हांस ठाऊक होते, परंतु तेवढे फ्रेंच येत नव्हते.

राहण्याची सोय एका धर्मग्रामाच्या निवासात होती. तेथील प्रमुख धर्मगुरूंकडे चार चर्चेस असल्याने ते घरी क्वचितच सापडत. आमची खरी सोबत होती ती शहाऐंशी वर्षांच्या एका निवृत्त धर्मगुरूंची. रात्री सूप पिताना ते आमचा दिवसाचा धडा तपासून घेत. ते चुका सुधारीत, पण हसत नसत. एकदाच हसले. संध्याकाळच्या मिस्सेनंतर काही वृद्ध स्त्रिया रोझरी म्हणत. त्यांनी एकदा एक रहस्य आम्हांस चालविण्यास सांगितले. फ्रेंचमध्ये 'पापी' आणि 'कोळी' ह्या दोन शब्दांत केवळ एका स्वराचा फरक आहे. एक 'ए' मिटलेला, दुसरा जरा उघडा. आम्ही तो दहाही वेळा उघडा ठेवला. घरी आल्यावर वृद्ध फादर म्हणाले, "आज तुम्ही पवित्र मरियेकडे गरीब कोळ्यांसाठी फार कळकळीने प्रार्थना केलीत." आम्ही म्हणालो, आमच्या वसईच्या किनाऱ्यावर अशा प्रार्थनेची नेहमीच गरज असते. तेव्हा ते हसले आणि म्हणाले, संत पेत्र दोन्ही होता, त्याला चालेल.

ह्या फादरांशी आमचा एकच वाद होता, आणि तो 'तू' विषयी. फ्रेंच भाषेतही आपल्यासारखेच 'तू' आणि 'तुम्ही' आहे. महिना झाल्यावर ते म्हणाले, एका घरात राहणाऱ्या दोघा धर्मगुरूंनी एकमेकांस 'तुम्ही' म्हणणे बरे दिसत नाही. ह्यापुढे 'तू' म्हणावे. आम्ही मान हलविली. परंतु शहाऐंशी वर्षांच्या माणसाला, तेही धर्मगुरूला, 'तू' म्हणावयास आमची जीभ वळेना. आमच्याकडे आईला 'तू' म्हणतात, देवाला 'तू' म्हणतात, पण फादरला नाही. ह्यावर त्यांनी सांगितलेली माहिती आम्हांस नवी होती. त्यांच्या तरुणपणी फ्रेंच कॅथलिक लोक देवालाही 'तुम्ही' म्हणत. १९६६ साली प्रभूच्या प्रार्थनेचा नवा अनुवाद आला आणि त्यात 'तू' आला. पहिले काही महिने आपण ती प्रार्थना म्हणताना लाजत होतो, असे ते म्हणाले. त्याच प्रार्थनेतील मोहाविषयीच्या ओळीचे शब्द डिसेंबर २०१७ मध्ये पुन्हा बदलले होते. कारण जुन्या शब्दांतून देवच आपल्याला मोहात घालतो, असा अर्थ निघत असे. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा बदल ताजा होता, आणि त्या एका ओळीपाशी सारे चर्च अडखळत असे. तेवढ्या वेळेपुरते आम्ही आणि लियोंकर एकाच इयत्तेत होतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, ती सांगतो.

उपवासकाळातील एका गुरुवारी दुपारी आम्ही चर्चमध्ये एकटेच क्रुसाची वाट करीत होतो. प्रमुख धर्मगुरू दूरच्या चर्चमध्ये दफनविधीसाठी गेले होते आणि वृद्ध फादर खोकल्याने अंथरुणावर होते. करड्या कोटातील एक बाई काठी टेकीत आल्या. आमची कॉलर त्यांनी पाहिली आणि पापनिवेदन करावयाचे आहे, असे त्या म्हणाल्या. त्यांचा शब्दन् शब्द आम्हांस कळला. आणि आम्ही काय केले? वर्गात घोटून घेतलेले वाक्य म्हटले : 'माफ करा, मला फ्रेंच नीट बोलता येत नाही.' बाईंनी वर्गात ह्याच वाक्याची तारीफ केली होती. त्यात एकही चूक नव्हती. बाई म्हणाल्या, "सा न फे रियँ, मों पेअर." म्हणजे, त्याने काही बिघडत नाही, फादर. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. आम्ही नम्रपणे मान लववली. मग त्या काठी टेकीत निघून गेल्या.

रात्री सूप पिताना आम्ही ही हकीकत दिवसाचा धडा म्हणून सांगितली. वृद्ध फादरांनी त्यांचे शब्द पुन्हा म्हणावयास लावले. आम्ही म्हटले. त्यांनी चमचा खाली ठेवला. "आणि त्या लगेच गेल्या का?" नाही, थोडा वेळ थांबल्या होत्या. "म्हणजे त्या तुम्हांला सांगत होत्या की, तुमचे फ्रेंच कच्चे असले तरी काही बिघडत नाही. त्या बसायला खुर्ची शोधत असतील."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आमच्या भूमीत जे मिशनरी आले, त्यांचे नाव आम्ही प्रवचनांतून किती सहज घेतो! फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१६ मध्ये त्यांचे ख्रिस्तपुराण छापून झाले. ह्या दोन सालांच्या मधली सदतीस वर्षे आम्ही प्रवचनात एका श्वासात ओलांडीत आलो. त्यांच्या मागून फ्रान्समधील फादर एतिएन द ला क्र्वा आले. त्यांनी संत पेत्राचे चरित्र मराठी ओव्यांत रचले, ते १६२९ च्या सुमारास गोव्यात छापले गेले. हे फादर आमच्या भाषेत पहिल्यांदा पापनिवेदन ऐकावयास बसले असतील तेव्हा त्यांना किती कळले असेल? आमच्या कोणा पूर्वजाला त्यांनी 'माफ कर, मला तुझी भाषा नीट येत नाही' म्हणून परत पाठविले असते तर? लियोंचे दुसरे बिशप संत इरेनेयस हेही परकेच होते. ते आशिया मायनरमधून आले, त्यांची भाषा ग्रीक. केल्टिक लोकांत राहून बहुतेक त्यांचीच रांगडी भाषा बोलावी लागते, म्हणून माझ्या लिखाणात सौष्ठव शोधू नका, अशी माफी त्यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी मागितली आहे. २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे पंडित म्हणून घोषित केले. त्यांनीही माफी मागितली होती, पण माफी मागून ते कामाला लागले होते.

दुसऱ्या आठवड्यात खोकला जरा कमी होताच वृद्ध फादर एका भाविकाच्या गाडीतून आम्हांस आर्सला घेऊन गेले. लियोंच्या उत्तरेस हे गाव सुमारे पस्तीस किलोमीटरवर आहे. संत जॉन मेरी व्हियानी तेथे आले ते फेब्रुवारी १८१८ मध्ये; आम्ही गेलो तेव्हा त्या घटनेला नुकतीच दोनशे वर्षे झाली होती. तेव्हा गावात उणीपुरी अडीचशे माणसे होती. सेमिनरीत प्रत्येक धर्मगुरूला त्यांचे चरित्र शिकवितात, त्यामुळे आपल्याला ते ठाऊक आहे असे आम्ही समजत होतो. क्रांतीच्या धामधुमीत त्यांचे शिक्षण उशिरा सुरू झाले. लॅटिन त्यांच्या डोक्यात शिरेना. लियोंच्या सेमिनरीतील व्याख्याने आणि परीक्षा लॅटिनमध्ये. त्यांना प्रश्नच कळत नसत. त्यांना घरी पाठविण्यात आले. एकुली गावचे फादर बाले त्यांच्या पाठीशी उभे राहिले नसते, तर १८१५ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळती ना. पुढे ह्याच माणसाच्या पापनिवेदनाच्या खुर्चीसमोर सारा फ्रान्स रांग लावून उभा राहिला. ते दिवसातून पंधरा-सोळा तास तेथे बसत.

ती खुर्ची आर्सच्या जुन्या चर्चमध्ये आहे. लाकूड साधे आहे. आम्ही तिच्यापाशी उभे होतो तेव्हा वृद्ध फादरांनी आमच्या कानाशी, मुद्दाम सावकाश, सोप्या फ्रेंचमध्ये एक गोष्ट सांगितली. गुरुदीक्षा झाल्यावरही व्हियानींना पापनिवेदन ऐकण्याची अनुज्ञा लगेच दिली गेली नव्हती. हा माणूस लोकांना काय सल्ला देणार, अशी वरिष्ठांना शंका होती. काही महिन्यांनी अनुज्ञा आली. तेव्हा त्यांच्यासमोर पहिल्याने गुडघे टेकले ते फादर बाले ह्यांनी, त्यांच्या गुरूने.

परतीच्या वाटेवर कोणी काही बोलले नाही. रात्री सूप झाले, भांडी विसळून झाली. वृद्ध फादरांनी खोलीतून आपली जांभळी स्टोल आणली आणि घडी उलगडून आमच्यासमोर टेबलावर ठेवली. मग खुर्ची ओढून ते आमच्या शेजारी बसले, तोंड भिंतीकडे करून. आम्ही म्हणालो, आम्हांस अर्धेही कळणार नाही. ते म्हणाले, "सा न फे रियँ."

जे ऐकले ते अर्थातच येथे येणार नाही. क्षमेचे शब्द आम्ही एका कार्डावर लिहून पाठ केले होते. फ्रेंच विधिग्रंथात ते 'तुम्ही' असे आहेत. काही धर्मगुरू 'तू' वापरतात. लॅटिनमध्ये तर पोप असो वा भिकारी, तेथे 'तुला' एवढाच शब्द आहे. कार्डाप्रमाणे आमचे पाठांतर 'तुम्ही'चे होते. हात वर केला तेव्हा त्यांच्या मानेवरचे पांढरे केस आम्हांस दिसले, आणि तोंडातून 'तू' आला.

आमेन म्हणून त्यांनी डोळे पुसले, आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "आंफँ!" म्हणजे, आला एकदाचा!

त्या वर्षी पुनरुत्थानाचा सण १ एप्रिलला होता. पवित्र आठवड्यात आम्ही रोज दोन तास पापनिवेदनाच्या खुर्चीत बसलो. बाहेर वृद्ध फादरांच्या हस्ताक्षरात पाटी होती : 'परदेशी धर्मगुरू. कृपया सावकाश बोलावे.' लोक आले, सावकाश बोलले. काही कळले, काही नाही. जूनमध्ये आमच्या वर्गातील औषधविक्रेते परीक्षा पास झाले. त्यांनी सर्वांना खजूर वाटले. आम्हीही पास झालो, गुण सांगण्यासारखे नाहीत.

करड्या कोटातील बाई पुन्हा भेटल्या नाहीत. त्या आल्याही असतील. जाळीच्या पलीकडून आम्हांस ओळखता आले नसते.